नैराश्य, स्किझोफ्रेनियावरचे उपचार बदलतायत: नवी गोळी, चुंबक, स्प्रे, चॅटबॉट... यातलं खरंच कामाचं काय?

'फक्त पाच दिवसांत डिप्रेशन गायब!', 'नाकात एक स्प्रे आणि काही तासांत बरं वाटलं', 'सायकियाट्रिस्ट कशाला, एआय आहे ना!'

अशा रील्स तुमच्याही फीडमध्ये येत असतील. गंमत म्हणजे त्या पूर्णपणे खोट्या नसतात. पाच दिवसांचे उपचार खरंच आहेत, स्प्रे आहे आणि चॅटबॉटवर झालेलं संशोधनही आहे. पण हे सगळं कुठल्या रुग्णासाठी, किती दिवसांसाठी आणि किती रुपयांत, हा भाग तीस सेकंदांत बसत नाही.

ज्यांच्या घरात कुणी वर्षानुवर्षं गोळ्या घेतंय, त्यांच्यासाठी हा नुसता कुतूहलाचा विषय नाही. नव्या उपचाराच्या आशेवर चालू गोळ्या मनानेच बंद केल्या तर आजार उलटू शकतो. आणि 'तिथे शॉक देतात' या भीतीने खरंच उपयोगी पडेल असा उपचार टाळला, तर त्यातही नुकसान रुग्णाचंच.

म्हणूनच मानसिक आजारांच्या उपचारांत गेल्या काही वर्षांत नेमकं काय नवीन आलंय, ते किती सिद्ध झालंय आणि आपल्याकडे सगळ्यात जास्त फरक कशाने पडू शकतो, हे समजून घेऊया.

नवीन काय ते कळण्यासाठी आधी जुनं काय होतं?

मानसोपचारातली बरीचशी मोठी औषधं ठरवून नाही, तर योगायोगाने सापडली आहेत.

फ्रान्समधले नौदलाचे सर्जन हेन्री लाबोरी ऑपरेशनच्या वेळी रुग्णाच्या शरीरावर येणारा ताण कमी करणारं औषध शोधत होते. त्यातून क्लोरप्रोमाझिनकडे लक्ष गेलं. 1952 मध्ये पॅरिसच्या सेंट-आन हॉस्पिटलमध्ये जाँ डले आणि पिएर डेनिकर या डॉक्टरांनी ते मनोरुग्णांना दिलं. कानात आवाज ऐकू येणं, कुणीतरी आपल्या वाईटावर आहे असं ठामपणे वाटणं, ही लक्षणं कमी झाली. स्किझोफ्रेनियावरचं पहिलं प्रभावी औषध ते हेच.

नैराश्याच्या औषधाची गोष्टही अशीच. 1950 च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत टीबीच्या रुग्णांना इप्रोनियाझिड नावाचं औषध दिलं जात होतं. ते घेणारे रुग्ण जरा जास्तच खुशीत दिसायला लागले. त्यातून नैराश्यविरोधी औषधांची वाट खुली झाली.

यानंतर शेकडो गोळ्या बाजारात आल्या. पण स्किझोफ्रेनियाच्या बाबतीत तर सत्तर वर्षं बहुतेक औषधांचा मूळ मार्ग एकच राहिला: मेंदूतल्या डोपामिन या रसायनाचा परिणाम रोखणं. कंपन्या बदलल्या, दुष्परिणाम बदलले, मार्ग तोच.

स्किझोफ्रेनियाची नवी गोळी: यात वेगळं काय आहे?

26 सप्टेंबर 2024 ला अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने, म्हणजे एफडीएने, 'कोबेन्फी' या औषधाला मंजुरी दिली. डोपामिनला थेट हात न लावता स्किझोफ्रेनियावर काम करणारं हे या मार्गाचं पहिलंच औषध.

या गोळीत दोन औषधं आहेत, झॅनोमेलिन आणि ट्रॉस्पियम. दोन का, यातच खरी गोष्ट आहे.

झॅनोमेलिन 1990 च्या दशकात अल्झायमरसाठी तपासलं जात होतं. ते मेंदूतल्या मस्करिनिक नावाच्या ग्राहींना चालना देतं. ग्राही म्हणजे पेशीवरचं कुलूप आणि औषध म्हणजे किल्ली, असं समजा. चाचणीत असं दिसलं की या रुग्णांचे भास आणि संशय कमी होतायत. पण तीच कुलपं पोटात, आतड्यांत, लाळग्रंथींतही असतात. त्यामुळे मळमळ, उलट्या, घाम यांनी रुग्ण हैराण झाले आणि औषध मागे पडलं.

अनेक वर्षांनी संशोधकांनी एक साधी युक्ती लढवली. ट्रॉस्पियम हे वारंवार लघवीला होण्याच्या तक्रारीवरचं जुनं औषध. ते या ग्राहींना बंद करतं, पण मेंदूत सहसा शिरत नाही. म्हणजे झॅनोमेलिनने मेंदूत काम करायचं आणि ट्रॉस्पियमने बाकीच्या शरीरात त्याला आवरायचं. दोन्ही एका कॅप्सूलमध्ये घातली आणि टाकून दिलेलं औषध परत उभं राहिलं.

रुग्णांच्या दृष्टीने याचं महत्त्व काय? जुन्या औषधांनी अंग ताठरतं, हात थरथरतात. त्यानंतरच्या पिढीतल्या काही गोळ्यांनी वजन झपाट्याने वाढतं, मधुमेहाचा धोका वाढतो. अनेक जण औषध सोडतात ते या त्रासामुळे. नव्या गोळीत हे दोन्ही त्रास चाचण्यांमध्ये फारसे दिसले नाहीत.

आता दुसरी बाजू.

- मंजुरीचा आधार असलेल्या मुख्य चाचण्या फक्त 5 आठवड्यांच्या होत्या. स्किझोफ्रेनियाची औषधं मात्र अनेकदा वर्षानुवर्षं घ्यावी लागतात.
- मळमळ, उलट्या, बद्धकोष्ठता हे त्रास कमी झाले, संपले नाहीत. गोळी दिवसातून दोनदा आणि रिकाम्या पोटी घ्यावी लागते. लिव्हरचा किंवा लघवी अडण्याचा त्रास असणाऱ्यांना काळजी घ्यावी लागते.
- जुन्या औषधाच्या जोडीला ही गोळी देऊन पाहणाऱ्या चाचणीचे निकाल एप्रिल 2025 मध्ये आले. त्यात ठरवलेलं मुख्य उद्दिष्ट गाठता आलं नाही.
- अमेरिकेत बाजारात आली तेव्हा तिची किंमत महिन्याला 1,850 डॉलर होती. म्हणजे दीड लाख रुपयांहून जास्त.

म्हणजे शोध मोठा आहे, पण ही जादूची गोळी नाही.

आणि 'जुनं' म्हणून विसरलेलं एक औषध

दोन-तीन औषधं देऊनही ज्यांचा स्किझोफ्रेनिया आटोक्यात येत नाही, त्यांच्यासाठी आजही सगळ्यात भक्कम पुरावा आहे तो क्लोझापिन या जुन्या औषधामागे. 1988 मध्ये डॉ. जॉन केन आणि सहकाऱ्यांनी 268 रुग्णांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. इतर औषधांना दाद न दिलेल्या या रुग्णांपैकी क्लोझापिनने 30 टक्के सुधारले, तर क्लोरप्रोमाझिनने फक्त 4 टक्के.

मग ते सर्रास का दिलं जात नाही? क्लोझापिनने क्वचित प्रसंगी रक्तातल्या पांढऱ्या पेशी धोकादायक पातळीपर्यंत कमी होतात. त्यामुळे सुरुवातीला आठवड्याला रक्त तपासावं लागतं. त्या कटकटीपोटी रुग्ण आणि कधी कधी डॉक्टरही ते टाळतात. भारतात हे औषध मिळतं. त्यामुळे परदेशातल्या नव्या गोळीची चौकशी करण्याआधी 'आमच्या पेशंटसाठी क्लोझापिनचा विचार झालाय का?' हा प्रश्न विचारायला हरकत नाही.

केटामाइन: काही तासांत फरक, पण कुणाला?

नैराश्याच्या नेहमीच्या गोळ्यांचा परिणाम दिसायला दोन ते सहा आठवडे लागतात. ज्याला आज, आत्ता जगणं नकोसं झालंय, त्याच्यासाठी सहा आठवडे फार मोठा काळ आहे. म्हणून केटामाइनची एवढी चर्चा.

केटामाइन हे भूल देण्याचं जुनं औषध. ते 1962 मध्ये तयार झालं आणि जगभरातल्या ऑपरेशन थिएटर्समध्ये आजही वापरलं जातं. 2000 मध्ये अमेरिकेतल्या येल विद्यापीठाच्या एका अगदी छोट्या अभ्यासात दिसलं की भुलेपेक्षा खूप कमी मात्रेत ते दिलं, तर नैराश्य काही तासांत हलकं होतं. नेहमीच्या गोळ्या मुख्यतः सेरोटोनिन आणि नॉरॲड्रिनॅलिन या रसायनांवर काम करतात. केटामाइन ग्लुटामेट या वेगळ्याच यंत्रणेवर काम करतं. मार्च 2019 मध्ये एफडीएने त्याच्याच एका रूपाला, म्हणजे एस्केटामाइनच्या नाकात मारायच्या स्प्रेला, मंजुरी दिली.

रील इथे संपते. पुढचं असं आहे.

हा स्प्रे घरी नेता येत नाही. अमेरिकेत तो नोंदणीकृत केंद्रातच घ्यावा लागतो आणि त्यानंतर किमान दोन तास देखरेखीखाली बसावं लागतं. कारण रक्तदाब वाढतो, गुंगी येते, आपण शरीराबाहेर आहोत असं वाटू शकतं. तो कुठल्याही उदासीवर नाही, तर दोन वेगवेगळी औषधं नीट घेऊनही न हटलेल्या नैराश्यावर वापरतात.

आणि तो किती जणांना लागू पडतो? 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या 676 रुग्णांच्या अभ्यासात स्प्रेची तुलना क्वेटियापिन या गोळीशी केली गेली. दोन्ही गटांची नैराश्याची आधीची गोळी चालूच होती. आठ आठवड्यांनी स्प्रे घेणाऱ्यांपैकी 27 टक्के लोकांचं नैराश्य जवळपास गेलं होतं, तर क्वेटियापिन घेणाऱ्यांमध्ये हे प्रमाण 18 टक्के होतं. फरक खरा आहे आणि ज्यांना गुण आला त्यांच्यासाठी तो फार मोठा आहे. पण चारातल्या जवळपास तिघांना पूर्ण आराम मिळाला नव्हता, हेही तितकंच खरं.

केटामाइनचं व्यसन लागू शकतं. 'फ्रेंड्स' मालिकेतला अभिनेता मॅथ्यू पेरी याचा ऑक्टोबर 2023 मध्ये मृत्यू झाला, तेव्हा शवविच्छेदन अहवालात केटामाइनचा तीव्र परिणाम हे मुख्य कारण नोंदवलं होतं. डॉक्टरांच्या देखरेखीतला उपचार आणि बाहेरून मिळवलेलं केटामाइन यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

बाळंतपणानंतरच्या नैराश्यासाठी वेगळी गोळी

आपल्याकडे 'बाळ झालंय, आता रडायला काय झालं?' असं म्हणून सोडून दिला जाणारा हा आजार. 2019 मध्ये त्यासाठीच्या पहिल्या खास औषधाला अमेरिकेत मंजुरी मिळाली, पण ते शिरेतून सलग 60 तास द्यावं लागायचं. तान्ह्या बाळाच्या आईला हे कसं जमणार? ऑगस्ट 2023 मध्ये त्याच प्रकारची तोंडाने घ्यायची गोळी आली, झुरानोलोन. कोर्स फक्त 14 दिवसांचा. गोळीने गुंगी येते, त्यामुळे ती घेतल्यावर 12 तास गाडी चालवायची नाही अशी ताकीद आहे. किंमत ठरली पूर्ण कोर्सला 15,900 डॉलर.

बहुतेक आयांना या गोळीची गरज पडणार नाही. समुपदेशन आणि जुनी औषधंही उपयोगी पडतात. त्यासाठी हा आजार आहे, नाटक नाही, हे आधी घरात कुणाच्या तरी लक्षात यायला हवं.

चुंबकाचे उपचार म्हणजे शॉक ट्रीटमेंटच का?

नाही. या दोन गोष्टींची फार गल्लत होते.

शॉक ट्रीटमेंट, म्हणजे ईसीटी, 1938 मध्ये रोममध्ये सुरू झाली. हिंदी सिनेमात दाखवतात तसं रुग्णाला जागेपणी बांधून शॉक देणं आज भारतात बेकायदा आहे. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानुसार भूल आणि स्नायू सैल करणारं औषध दिल्याशिवाय ईसीटी देता येत नाही. लहान मुलांसाठी तर पालकांच्या संमतीबरोबर मंडळाची आगाऊ परवानगीही लागते. काही काळ स्मरणशक्तीवर परिणाम होऊ शकतो. पण रुग्णाने खाणंपिणं सोडलंय, जिवाला धोका आहे, अशा तीव्र नैराश्यात ईसीटी आजही सर्वांत प्रभावी उपचारांपैकी एक आहे.

चुंबकाचा उपचार, म्हणजे टीएमएस, वेगळा. यात भूल लागत नाही. रुग्ण खुर्चीत जागा बसलेला असतो आणि डोक्याजवळ एक कॉइल धरतात. शाळेत शिकलेला फॅराडेचा नियम आठवतोय? बदलत्या चुंबकीय क्षेत्रामुळे विजेचा प्रवाह तयार होतो. इथे तो सौम्य प्रवाह मेंदूच्या ठरावीक भागात तयार होतो. 1985 मध्ये इंग्लंडमधल्या शेफील्डमध्ये अँथनी बार्कर यांनी हे तंत्र दाखवलं आणि 2008 मध्ये अमेरिकेत नैराश्यासाठी त्याला मंजुरी मिळाली. भारतातल्या मोठ्या शहरांमध्येही ते मिळतं.

अडचण वेळेची होती. आठवड्याला पाच दिवस, रोज सुमारे 37 मिनिटं, चार ते सहा आठवडे. नोकरी करणाऱ्याला किंवा बाहेरगावाहून येणाऱ्याला हे जमणं कठीण. 2018 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झालेल्या 414 रुग्णांच्या अभ्यासाने दाखवलं की वेगळ्या लयीत दिलेला फक्त 3 मिनिटांचा उपचारही तेवढाच परिणामकारक आहे. आवाज न करणारा, पण फार मोठा बदल. एकाच मशीनवर दिवसाला कितीतरी जास्त रुग्ण बसू शकतात.

'पाच दिवसांत डिप्रेशन गायब' हा दावाही इथूनच आलाय. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या पद्धतीत रुग्णाच्या मेंदूचा स्कॅन काढून नेमकी जागा ठरवतात आणि दिवसाला 10 सत्रं, अशी पाच दिवस देतात. 2021 च्या अभ्यासात खरा उपचार मिळालेल्यांपैकी सुमारे 79 टक्के रुग्णांचं नैराश्य चार आठवड्यांत जवळपास गेलं. खोटा उपचार मिळालेल्या गटात हे प्रमाण 13 टक्के होतं. 2022 मध्ये त्याला अमेरिकेत परवानगी मिळाली. आकडा थक्क करणारा आहे, पण या अभ्यासात एकूण माणसं होती 29.

टीएमएसमध्ये डोकेदुखी होऊ शकते, फार क्वचित फीट येऊ शकते. डोक्यात धातूचं इम्प्लांट असेल तर हा उपचार देत नाहीत.

मशरूम आणि एमडीएमए

काही जंगली मशरूममध्ये असलेलं सायलोसायबिन आणि पार्टी ड्रग म्हणून ओळखलं जाणारं एमडीएमए यांच्यावर जगभर संशोधन चालू आहे. जुलै 2023 पासून ऑस्ट्रेलियात परवानगी असलेले मानसोपचारतज्ज्ञ ठरावीक रुग्णांना ती देऊ शकतात. ऑगस्ट 2024 मध्ये अमेरिकेच्या एफडीएने मात्र मानसिक आघातानंतरच्या त्रासासाठी एमडीएमएला मंजुरी नाकारली.

एक मोठी अडचण अशी की चाचणीत कुणाला खरं औषध मिळालं आणि कुणाला नुसती पावडर, हे रुग्णाला कळता कामा नये. इथे तर अर्ध्या तासात ते सगळ्यांनाच कळतं. मग बरं वाटलं ते औषधाने की अपेक्षेने, हे ठरवायचं कसं? भारतात ही दोन्ही अमली पदार्थविरोधी कायद्याखाली येतात. त्यामुळे 'नॅचरल थेरपी' म्हणून कुणी काही विकत असेल, तर तो उपचार नाही, गुन्हा आहे.

रक्ताच्या तपासणीत नैराश्य कळतं का?

आज तरी नाही. एमआरआय किंवा रक्त तपासून 'तुम्हाला डिप्रेशन आहे' असं सांगणारी सर्वमान्य चाचणी नाही. थायरॉइड, बी-12 या तपासण्या करतात त्या दुसरं कारण नाही ना, हे पाहण्यासाठी.

जनुकीय चाचणीचा मात्र एका ठिकाणी खरा फायदा आहे. कार्बामाझेपिन हे फिट्स आणि बायपोलर आजारात वापरलं जाणारं औषध. काही आशियाई वंशाच्या लोकांमध्ये एका ठरावीक जनुकामुळे त्याने त्वचा सोलून निघणारी जीवघेणी प्रतिक्रिया येऊ शकते. तैवानमध्ये 4,877 जणांची आधी जनुकीय तपासणी केली. ज्यांच्यात ते जनुक सापडलं त्यांना हे औषध दिलं नाही. तो जीवघेणा प्रकार एकालाही झाला नाही. हा अभ्यास 2011 मध्ये प्रसिद्ध झाला.

'लाळेच्या तपासणीवरून तुमच्यासाठी नेमकी डिप्रेशनची गोळी सांगतो' या जाहिरातींचं काय? अमेरिकेत 1,944 माजी सैनिकांवर झालेल्या 2022 च्या अभ्यासात अशा चाचणीचा फायदा थोडा दिसला आणि तोही पुढे टिकला नाही. हजारो रुपये भरण्याआधी हे लक्षात ठेवा.

एआय चॅटबॉटशी बोलून बरं वाटतं, मग तो थेरपिस्ट का नाही?

रात्री दोन वाजता कुणालाही फोन न करता बोलता येतं, कुणी जज करत नाही, पैसे लागत नाहीत. त्यामुळे लोक चॅटबॉटकडे वळणार हे उघड आहे. मार्च 2025 मध्ये अमेरिकेतल्या डार्टमथच्या संशोधकांनी 'थेराबॉट' या खास उपचारासाठी बनवलेल्या चॅटबॉटची चाचणी प्रसिद्ध केली. 210 जणांच्या या चाचणीत नैराश्य असलेल्यांची लक्षणं सरासरी निम्म्याने कमी झाली. पण तुलनेचा गट होता तो उपचारांसाठी वाट पाहणाऱ्यांचा. आणि चॅटबॉटच्या प्रत्येक संवादावर संशोधकांची नजर होती.

तुमच्या फोनमधल्या साध्या चॅटबॉटवर तशी नजर नसते. ओपनएआयने ऑक्टोबर 2025 मध्ये सांगितलं की आठवड्याभरात चॅटजीपीटी वापरणाऱ्यांपैकी सुमारे 0.15 टक्के लोकांच्या बोलण्यात आत्महत्येच्या विचारांची स्पष्ट चिन्हं असतात. टक्केवारी छोटी दिसते, पण वापरणारे 80 कोटींच्या पुढे असल्याने ही संख्या दहा लाखांवर जाते. अमेरिकेतल्या इलिनॉय राज्याने ऑगस्ट 2025 मध्ये कायदा करून एआयने थेट थेरपी देण्यावर बंदी घातली.

आपल्यासाठी आणखी एक प्रश्न आहे, भाषेचा. मराठी माणूस 'मला नैराश्य आलंय' असं क्वचितच म्हणतो. तो म्हणतो, 'डोकं जड झालंय', 'कशात जीव रमत नाही', 'अंगात त्राण नाही', 'नुसती धडधड होते'. आणि 'वैताग आलाय, मरू दे सगळं' हे तर आपण ट्रॅफिकमध्ये अडकलो तरी म्हणतो. यातलं सहज काय आणि गंभीर काय, हे समोरच्या माणसाला आवाजावरून, चेहऱ्यावरून, न बोललेल्या गोष्टीवरून कळतं. टाइप केलेल्या चार ओळींवरून मशीनला ते तसंच कळेल, या भरवशावर कुणाचा जीव सोडता येणार नाही.

मग आपल्याकडे सगळ्यात मोठा शोध कुठला?

2015-16 च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार आजारानुसार 70 ते 92 टक्के लोकांना उपचारच मिळत नव्हते. एक लाख लोकसंख्येमागे आपल्याकडे मानसोपचारतज्ज्ञ 0.75, आणि असावेत किमान 3. म्हणजे आपल्याकडची पहिली अडचण 'जुनी गोळी लागू पडत नाही' ही नाही. बहुतेकांपर्यंत जुनी गोळीही पोचलेली नाही.

या अडचणीवरचा जगभर गाजलेला उपाय आपल्या शेजारी, गोव्यात तपासला गेला. डॉ. विक्रम पटेल आणि 'संगत' या संस्थेच्या संशोधकांनी प्रश्न विचारला: प्रत्येक रुग्णाला तज्ज्ञच हवा का? त्यांनी मानसशास्त्राची पदवी नसलेल्या स्थानिक लोकांना प्रशिक्षण दिलं आणि प्राथमिक आरोग्य केंद्रांत समुपदेशक म्हणून बसवलं. सहा ते आठ भेटी. पद्धत साधी. नैराश्यात माणूस एकेक गोष्ट सोडत जातो. देवळात जाणं, शेजारी बसणं, बागेला पाणी घालणं. आणि जितकं सोडतो तितकं आणखी खचतो. हे चक्र उलटं फिरवायचं. छोटी छोटी कामं ठरवायची, ती करून पाहायची, अडलं तर पुढच्या भेटीत त्यावर बोलायचं.

मध्यम ते तीव्र नैराश्य असलेल्या 495 जणांवर ही चाचणी झाली आणि 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाली. तीन महिन्यांनी या गटातल्या 64 टक्के लोकांचं नैराश्य ओसरलं होतं. फक्त आरोग्य केंद्रातले नेहमीचे उपचार मिळालेल्यांमध्ये हे प्रमाण 39 टक्के होतं. फायदा वर्षभरानंतरही टिकला.

महाराष्ट्रातही असा प्रयोग झाला, तोही शेतकरी आत्महत्यांमुळे सतत बातम्यांत असलेल्या विदर्भात. अमरावती जिल्ह्यातल्या 30 गावांत 'विश्राम' या उपक्रमात गावातल्याच आरोग्य कार्यकर्त्यांनी घरोघरी जाऊन मानसिक आरोग्याबद्दल बोलायला सुरुवात केली. गरज असेल त्यांना समुपदेशक आणि मग डॉक्टरांपर्यंत पोचवलं. दीड वर्षात नैराश्यासाठी मदत घेणाऱ्यांचं प्रमाण 4.3 टक्क्यांवरून 27.2 टक्क्यांवर गेलं. वर्षभरात आत्महत्येचे विचार आल्याचं सांगणाऱ्यांचं प्रमाण 5.2 वरून 2.5 टक्क्यांवर आलं. तुलनेसाठी दुसरी गावं नव्हती, त्यामुळे सगळं श्रेय उपक्रमालाच देता येत नाही. पण गावात विचारणारं कुणी असेल, तर लोक बोलतात, हे त्यातून दिसलं.

यात नवं रसायन नाही, मशीन नाही, त्यामुळे त्याची रील व्हायरल होत नाही. पण तालुक्याच्या गावात राहणाऱ्या माणसासाठी आजच्या घडीला सगळ्यात जवळचा शोध हाच आहे.

नव्या उपचाराची पोस्ट दिसली तर काय विचारायचं?

- चाचणी किती लोकांवर आणि किती काळ झाली? 29 माणसं आणि 676 माणसं यांत फरक आहे.
- तुलना कशाशी केली? दुसऱ्या उपचाराशी, खोट्या उपचाराशी, की काहीच न मिळालेल्यांशी?
- हा उपचार कुणासाठी आहे? बरेच नवे उपचार आधीची औषधं लागू न पडलेल्या रुग्णांसाठी आहेत.
- पोस्ट टाकणारा तोच उपचार विकतोय का?
- आणि आपल्या पेशंटचे आधीचे उपचार पुरेशा मात्रेत, पुरेसे दिवस झालेत का? अनेकदा गोळी 'लागू पडली नाही' म्हणजे ती दोन आठवड्यांत बंद केलेली असते.

चालू गोळ्या मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका, मात्रा कमी-जास्त करू नका. बरं वाटायला लागलं तरीही नाही.

मदत कुठे मिळेल?

केंद्र सरकारची 'टेली-मानस' हेल्पलाइन 10 ऑक्टोबर 2022 पासून सुरू आहे. क्रमांक 14416. चोवीस तास, मोफत आणि मराठीतही. स्वतःसाठी करा किंवा घरातल्या कुणाची काळजी वाटत असेल तरी करा. राज्य सरकारची प्रादेशिक मनोरुग्णालयं पुणे, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरीला आहेत. गोव्यात बांबोळीला मानसोपचार संस्था आहे. जिल्हा रुग्णालयातही चौकशी करता येते.

खर्चाबद्दल एक गोष्ट अनेकांना माहीत नसते. 2017 च्या कायद्यानुसार विमा कंपन्यांनी शारीरिक आजारांना जसं संरक्षण दिलं जातं, त्याच धर्तीवर मानसिक आजारांनाही द्यायला हवं. तुमच्या पॉलिसीत हे कसं लिहिलंय ते एकदा वाचून घ्या.

'याला ठाण्याला पाठवा', 'येरवड्यात ॲडमिट करा' हे आपल्याकडचे जुने विनोद. ज्याच्या घरात आजारी माणूस असतं तो हे ऐकतो आणि पुढची चार वर्षं डॉक्टरांकडे जात नाही. उपचाराआधीची ही चार वर्षं वाचवायला कुठल्याही नव्या औषधाची मंजुरी लागत नाही.